नव्या घराचे पडदे: कापड स्वस्त चालेल, कमी चालणार नाही

ठाण्यात घोडबंदर रोडला असो की नवी मुंबईत खारघर-उलव्याला, फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर पडद्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते. किचन ट्रॉली, ग्रिल, पंखे, गिझर यांत पैसे गेलेले असतात. मग दुकानात आवडलेलं कापड महाग निघतं आणि तडजोड होते ती चुकीच्या जागी: कापड तेच ठेवायचं आणि चार पडद्यांच्या जागी तीन शिवायचे. असा पडदा लावला की दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो, कडेनं उजेड येतो आणि महागडं कापडही उठून दिसत नाही. त्याऐवजी निम्म्या दराचं साधं कापड भरपूर चुण्या घालून लावलं तर खोली भरलेली वाटते. माझं ठाम मत आहे की पैसे वाचवायचे ते मीटरच्या दरात, मीटरच्या संख्येत नाही. रॉड आणि गट्टी (स्क्रू पकडायला भिंतीत ठोकतात ती) यांत तर अजिबात नाही.

मापं कधी आणि कशी घ्यायची

बिल्डरच्या ब्रोशरमधल्या नकाशावरून पडदे घेऊ नका. त्यात खिडकीची रुंदी असते, पण ग्रिल बसल्यावर, आतून ग्रॅनाइटची चौकट आल्यावर आणि एसी टांगल्यावर रॉडला उरणारी जागा वेगळी असते. आपल्याकडे बेडरूमच्या स्प्लिट एसीचं आतलं युनिट बऱ्याचदा खिडकीच्या डोक्यावरच बसवतात. तसं असेल तर रॉड एसीच्या खालून, खिडकीच्या वरून जाणार. मधे निदान ४ इंच मोकळे हवेत, नाहीतर हवेच्या झोतानं पडदा सतत फडफडतो आणि फिल्टर काढायला मेकॅनिकचा हात जात नाही. एसीची जागा अजून ठरायची असेल तर आधी ती ठरवा, पडदे नंतर.

माप स्टीलच्या टेपनं घ्या, इंचात. शिलाईवाल्याच्या कापडी टेपा वापरून ताणलेल्या असतात. रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि मोठी धरा. उंची डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मोजा, कारण फरशी बाल्कनीच्या दिशेनं थोडी उतरती असू शकते. लांब पडद्यासाठी उंची कमी असलेली बाजू धरली की पडदा कुठेच घासत नाही.

आपल्या इमारतींत दार-खिडक्यांची वरची कड साधारण ७ फुटांवर असते आणि साध्या खिडकीचा कट्टा ३ फुटांवर, म्हणजे खिडकी ४ फूट उंच. रेडिमेड पडदे बाजारात ५, ७ आणि ९ फुटांचे मिळतात. ५ फुटी पडदा अशा खिडकीला नेमका बसतो: रॉड खिडकीच्या ५ इंच वर, पडदा कट्ट्याच्या ५-६ इंच खाली.

फसगत होते ती ७ फुटी पडद्याची. 'दार ७ फूट, पडदा ७ फूट' हे ऐकायला बरोबर वाटतं, पण रॉड दाराच्या वर असतो. हॉलच्या फ्रेंच विंडोवर, म्हणजे जमिनीपर्यंतच्या खिडकीवर, ६ इंच सोडून रॉड लावला तर तो जमिनीपासून ९० इंचांवर येतो. ७ फूट म्हणजे ८४ इंच. त्यातला वरचा दीड इंच कापडात बसवलेल्या रिंगांच्या वर, रॉडच्या डोक्यावर उभा राहतो. म्हणजे रॉडपासून खाली फक्त साडेब्याऐंशी इंच. पडदा जमिनीपासून साडेसात इंच वर लटकतो आणि आखूड झालेल्या पँटसारखा नाही, तर सरळ चुकलेला दिसतो. अशा जागी ९ फुटी घेऊन खालून कमी करायचा. ८ फुटी मिळाला तर उत्तम, पण तो प्रत्येक दुकानात नसतो.

खाली जमिनीपासून १ इंच मोकळा ठेवा. मासिकांतल्या फोटोत पडदा जमिनीवर लोळतो. आपल्याकडे रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसली जाते, तिथे लोळणाऱ्या पडद्याची कड महिन्याभरात काळी पडते.

किती कापड लागेल

हॉलची ८ फुटी खिडकी घेऊ. रुंदी ९६ इंच. रॉड दोन्ही बाजूंना ८-८ इंच बाहेर, म्हणजे ११२ इंच. इतका बाहेर काढायचा कारण पडदे उघडल्यावर त्यांचा गठ्ठा काचेवर न येता भिंतीवर यायला हवा. जागा नसेल तर निदान ६ इंच.

पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ४८ इंच असतो, काहींचा ५४. दोन्ही कडा दीड-दीड इंच दुमडल्या की ४८ च्या पन्ह्यातून ४५ इंचांचा तयार पडदा मिळतो. रिंगांच्या पडद्याला रॉडच्या दीडपट ते दुप्पट कापड हवं, नाडी-टेपवर चुण्या घातलेल्या पडद्याला दुपटीच्या वर. चार पडदे म्हणजे १८० इंच, भागिले ११२, साधारण १.६ पट. छान. तीन पडदे म्हणजे १३५ इंच, १.२ पट. सुरुवातीला म्हटलेली सपाट चादर ती हीच.

आता लांबी. रॉड ९० इंचांवर, खाली १ इंच मोकळा, वर दीड इंच: तयार लांबी साडेनव्वद इंच. वर बकरम (ताठपणासाठी आत घालायची कडक पट्टी) आणि दुमड यांसाठी ४ ते ५ इंच, खाली तेवढेच. एकेका पडद्याला १०० इंच, म्हणजे २.५४ मीटर. चार पडद्यांना १०.१६ मीटर, सव्वादहा मीटर घ्या. समजा कापड मीटरला २०० रुपये असेल तर २,०५० रुपये. तेच कापड ४०० रुपयांचं घेऊन तीन पडदे केले तर ७.६२ मीटरचे तीन हजारांहून जास्त होतात, आणि दिसायला कमी.

छापील कापड घेताना डिझाइन किती इंचांनी पुन्हा येतं ते टेप लावून मोजा. पानाफुलांचं मोठं डिझाइन २४ इंचांनी येत असेल तर शेजारशेजारच्या पडद्यांवर फुलं एका रेषेत यायला प्रत्येक तुकडा २४ च्या पटीत कापावा लागतो. १०० इंचांच्या जागी १२० इंच. चार पडद्यांमागे ८० इंच, म्हणजे दोन मीटरहून जास्त कापड वाया. कमी पैशांत पडदे करायचे असतील तर प्लेन, बारीक विणीचं किंवा उभ्या रेघांचं कापड घ्या.

बेडरूमच्या ५ फुटी खिडकीला जरा अडचण येते. रॉड ६ फूट, म्हणजे ७२ इंच. ४८ इंच रुंदीचे दोन रेडिमेड पडदे मिळून जेमतेम १.३ पट भरतात, तीन घेतले तर दुप्पट. शिवून घेताना दीड-दीड पन्ह्याचे दोन पडदे करता येतात. रेडिमेडमध्ये तीन घेऊन एका बाजूला दोन, एका बाजूला एक असं लावा. बंद असताना हे कळत नाही. दोनच घ्यायचे असतील तर रॉड ६६ इंचांवर आणा, पण मग सकाळचा उजेड कडेनं येणार हे धरून चाला.

कापड निवडताना

आपल्या हवेत पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं कापडच व्यवहारी. पावसाळ्यात स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून पाणी आत येतं, पडद्याची खालची कड भिजते, आणि जाड सुती कापड दोन दिवस ओलं राहून त्याला कुबट वास येतो, मग बुरशीचे काळे ठिपके. पॉलिएस्टर पंख्याखाली काही तासांत सुकतं, धुऊन आटत नाही आणि इस्त्री मागत नाही. सुती पडदे दिसायला सुंदर, त्यांचा आग्रह असेल तर शिवायच्या आधी कापड पाण्यात भिजवून सुकवून घ्या. ५ टक्के आटलं तरी ८४ इंचांवर ४ इंच जातात. रेडिमेड सुती असेल तर खालची दुमड आधी नुसत्या धावदोऱ्यानं घाला, एकदा धुवा, मगच पक्की शिवण.

पश्चिमेच्या खिडकीला दुपारपासून ऊन असतं. गडद रंग तिथे लवकर विटतात आणि रेशमी दिसणारं पातळ कापड काही उन्हाळ्यांत घडीवर फाटायला लागतं. तिथे फिका रंग आणि मागे अस्तर. झोपायच्या खोलीला ब्लॅकआउट हवं असेल तर दुकानातच मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरून पाहा. कित्येक कापडं नावाला ब्लॅकआउट असतात. मागे रबरी लेप असलेलं ब्लॅकआउट मशिनमध्ये पिळलं किंवा थेट इस्त्री केली की लेपाला भेगा पडतात आणि चांदण्यांसारखे उजेडाचे ठिपके दिसतात. विणीतच काळा धागा घातलेलं कापड मिळालं तर ते जास्त टिकतं. शंभर टक्के अंधार देत नाही, पण घरी धुता येतं.

रंग सुटतो का हे पाहायला ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासा. गडद मरून आणि निळ्यात हे नक्की करा.

स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूच्या खिडकीला लांब पडदा नको. अर्ध्या उंचीचा, आखूड, किंवा सरळ रोलर ब्लाइंड. देवघराशेजारी समई-निरांजन असेल तिथेही हेच.

कुठून घ्यायचं

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत आणि स्टेशनच्या परिसरात ताग्यातलं कापड आणि रेडिमेड दोन्ही मिळतं. नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर ९ आणि १७ कडे फिरा. तुर्भ्याच्या आयकियामध्ये पडदे बहुतेक जोडीनं आणि सेंटिमीटरमध्ये विकले जातात, आणि पन्हा आपल्या ४८ इंचांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे किमतीची तुलना करताना नगावर जाऊ नका. एकूण रुंदी इंचात आणा आणि त्यावर भाव काढा. पूर्ण घराचे पडदे एकदम करायचे असतील, म्हणजे ३०-४० मीटर कापड, तर मुंबईतलं मंगलदास मार्केट किंवा उल्हासनगरची बाजारपेठ गाठणं परवडतं. एका खिडकीसाठी जाण्यायेण्यातच बचत संपते.

दुकानदार 'खिडकीमागे सगळं मिळून इतके' असं सांगतो तेव्हा सुटा हिशेब मागा: कापड मीटरप्रमाणे, शिलाई प्रत्येक पडद्याची, रिंग नगाप्रमाणे, रॉड फुटाप्रमाणे, ब्रॅकेट, टोकाचे नॉब आणि फिटिंग. चार पडद्यांना आठ-आठ धरून ३२ रिंगा होतात. नगामागे दहा-वीस रुपयांचा फरकही मग जाणवतो. खाडीच्या वाऱ्याच्या बाजूला, पाम बीच रोड, सीवूड्स, कोपरी अशा भागांत, धातूच्या रिंगा गंजून कापडावर तांबूस डाग पडतात. प्लास्टिकच्या रिंगा स्वस्तही आणि तिथे जास्त योग्यही.

रिंगांची संख्या प्रत्येक पडद्यावर सम असायला हवी, ६, ८ किंवा १०. सम असली की दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम असली की एक कड खोलीत तोंड काढून उभी राहते आणि कितीही ओढलं तरी सरळ होत नाही. घरी रिंगा बसवत असाल तर ४५ इंचांच्या पडद्यावर दोन्ही कडांपासून २-२ इंच सोडून उरलेल्या ४१ इंचांचे सात समान भाग करा, प्रत्येकी साधारण ५.८५ इंच. खुणा आधी एका कागदी पट्टीवर करा आणि तीच पट्टी प्रत्येक पडद्याला लावा.

रॉडसाठी दुकानात खिशात छोटं चुंबक न्या. पाइपला चिकटलं तर तो वर मुलामा दिलेला लोखंडी पाइप आहे, दमट हवेत एक-दोन पावसाळ्यांत डाग धरतो. मोठ्या खिडकीला १ इंची स्टीलचा पाइप, छोटीला पाऊण इंची चालतो. दोन भाग एकात एक सरकणारा वाढवता येणारा रॉड लहान खिडकीपुरता ठीक. ६ फुटांच्या वर तो मधे वाकतो आणि जोडावर रिंगा अडकतात.

भिंत ओळखा, मग ड्रिल

रॉड खाली येतो तो कापडाच्या वजनामुळे क्वचितच. बहुतेक वेळा गट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेली असते. विटांच्या भिंतीवरचं आतलं प्लास्टर १२ ते २० मिलिमीटर असतं. एक इंचाचा स्क्रू जवळजवळ त्यातच संपतो. पडदा ओढताना रोज हिसका बसतो, प्लास्टर भुगा होतं आणि एक दिवस ब्रॅकेटसकट सगळं हातात येतं. दोन इंची स्क्रू आणि पूर्ण आत जाणारी गट्टी वापरा. गट्टीचं तोंड प्लास्टरच्या आत सरकलेलं हवं.

ड्रिल करताना पडणारी पूड सांगते की भिंत कशाची आहे. लाल पूड म्हणजे वीट. राखाडी, बारीक आणि ड्रिल कष्टानं पुढे जातंय तर काँक्रीट. फिकी, भुसभुशीत आणि बिट लोण्यात जावं तसं आत जातंय तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. खिडकीच्या लगेच वर मात्र विटांच्या भिंतीतही काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असते.

ठाणे-नवी मुंबईतले कित्येक नवे टॉवर माइवान पद्धतीचे आहेत, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सगळ्या भिंती काँक्रीटच्या. तिथे घरगुती ड्रिल मशिन नुसतं गरम होतं. एसडीएस बिटचं रोटरी हॅमर, म्हणजे फिरताना ठोकेही देणारं मोठं ड्रिल, लागतं. फिटिंगवाल्याला फोनवरच 'भिंत माइवानची आहे' असं सांगा, म्हणजे तो योग्य मशिन घेऊन येईल. ड्रिल थोडं आत जाऊन अडलं आणि पुढे जाईना तर आत सळई आहे. जोर करू नका, अर्धा-एक इंच सरका. स्विचबोर्डाच्या सरळ वरच्या किंवा खालच्या रेषेत आणि एसीच्या पॉइंटजवळ भोक पाडू नका, वायरीचे पाइप भिंतीच्या आत असतात.

सिपोरेक्समध्ये उलटी काळजी. हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा, बिट गट्टीपेक्षा किंचित बारीक घ्या, आणि अशा ब्लॉकसाठी मिळणारी लांब नायलॉनची गट्टी वापरा. साधी आखूड गट्टी तिथे स्क्रूबरोबर गोल फिरत राहते. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नुसता स्क्रू कधीच मारू नका. तिथे ट्रॅक हवा असेल तर सीलिंग होत असतानाच आत प्लायची पट्टी टाकून घ्यायला सांगा.

बसवण्याचा क्रम असा ठेवा. बिटवर गट्टीच्या लांबीपेक्षा थोडं पुढे चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे भोक किती खोल गेलं ते कळतं. आधी एका टोकाचं ब्रॅकेट लावा. त्यात रॉड ठेवून दुसरं टोक हातात धरा, वर लेव्हल ठेवा आणि मग दुसऱ्या ब्रॅकेटची खूण करा. मधलं सगळ्यात शेवटी. रॉड ६ फुटांहून लांब असेल तर मधलं ब्रॅकेट हवंच, आणि रिंगा त्यावरून पुढे जात नाहीत, म्हणून निम्मे पडदे डावीकडे, निम्मे उजवीकडे. लेव्हल बरोबर असूनही स्लॅब तिरका असेल आणि रॉड छताच्या जवळ असेल तर डोळ्याला रॉडच वाकडा दिसतो. अशा वेळी मी लेव्हलपेक्षा छताची रेषा धरेन.

गट्टी ठोकण्याआधी भोकातली पूड फुंकून किंवा जुन्या ब्रशनं काढा, डोळे सांभाळून. आणि पडदे चढवताना प्रत्येक बाजूची शेवटची रिंग ब्रॅकेटच्या बाहेर, नॉबच्या बाजूला ठेवा. तेवढ्यानं कड जागेवर राहते आणि भिंतीकडचा उजेड बंद होतो. बरेच फिटिंगवाले घाईत सगळ्या रिंगा आत घालून निघून जातात, म्हणून नॉब लावायच्या आधी बघा.

भोक सैल झालंच तर त्यात काड्यापेटीच्या काड्या कोंबू नका. एक नंबर मोठी गट्टी आणि जाड स्क्रू घ्या, किंवा ब्रॅकेटच्या तळाखाली झाकलं जाईल इतकं सरकून नवं भोक पाडा. जुनं पांढऱ्या सिमेंटनं भरा. बहुतेक सोसायट्यांत दुपारी ड्रिल बंद असतं, कुठे रविवारीही, त्यामुळे फिटिंगवाल्याला सकाळची वेळ द्या.

भाड्याच्या घरात भोकं पाडायची परवानगी नसेल तर चौकटीच्या आत अडकणारा स्प्रिंगचा रॉड ४ फुटांपर्यंतच्या खिडकीला पातळ पडद्यासह चालतो. चिकटवायचे हुक पुट्टीच्या भिंतीवर टिकत नाहीत, पावसाळ्यात पुट्टीचा पापुद्राच घेऊन खाली येतात.

सगळ्या खोल्यांचे पडदे एकदम परवडत नसतील तर आधी बेडरूम आणि रस्त्याच्या किंवा समोरच्या इमारतीच्या बाजूची खिडकी करा. हॉलला आत्ता एकच जाड पडदा लावायचा असला तरी ब्रॅकेट मात्र दुहेरी बसवून घ्या. पुढे पातळ जाळीदार पडद्याचा रॉड त्याच ब्रॅकेटच्या आतल्या खाचेत बसतो, पुन्हा माणूस बोलवावा लागत नाही आणि काँक्रीटमध्ये दुसऱ्यांदा भोकं पाडावी लागत नाहीत. दुहेरी ब्रॅकेट भिंतीपासून ५-६ इंच पुढे येतं, तेव्हा शेजारच्या कपाटाचं दार त्याला अडत नाही ना, तेवढं उघडून बघा.